सातच्या खाली

४ जानेवारी

चिंगे,

आशीर्वाद वगैरे गृहीत धर, कारण आज कामाचं लिहायचं आहे. पाकिटावर लिहिलंच आहे, हे पत्र शाळेच्या ऑफिसात उघडू नकोस. मुख्याध्यापिकाबाई रडताना दिसल्या तर पोरी आठवडाभर तुला जुमानणार नाहीत.

डॉक्टर काय म्हणाले ते तुझ्या वहिनीने अर्धंमुर्धं सांगितलं असेल. पुरतं असं आहे की मला विसरण्याचा आजार झाला आहे. औषधाने त्याची चाल मंद होईल, पण तो थांबणार नाही. काही महिने मी मी असेन, मग दुसराच कोणीतरी माझे कपडे घालून या घरात फिरायला लागेल. आपल्या आईने शेवटची तीन वर्षं मला 'अहो पाहुणे' म्हणून हाक मारली, आणि एकदा चोर समजून चपलेने झोडपलं. आपण हसलो होतो. मला तसं व्हायचं नाही. मला शुद्धीत असताना जायचं आहे.

इथला कायदा आता ते मागू देतो, पण त्यात एक मेख आहे. दोन डॉक्टरांसमोर बसून, समजून उमजून, स्वतःच्या तोंडाने मागावं लागतं. आधी कितीही लिहून ठेवा, त्या दिवशी तोंडातून निघालं नाही तर कागद रद्दीत. लवकर मागावं तर चांगले महिने फुकट जातात. उशीर झाला तर मागणाराच शिल्लक राहत नाही. नेमका दिवस ओळखायला हवा आणि तो मला ओळखता येणार नाही. मी चौतीस वर्षं दुकानोदुकानी वजनकाटे तपासले. बिघडलेला काटा स्वतःहून बोललाय असं एकदाही झालं नाही.

म्हणून मी स्वतःसाठी दहा प्रश्न काढलेत. आजची तारीख, काल काय खाल्लं, शंभरातून सात-सात वजा करणं, तुझ्या शाळेला यायचं तर गाडी कुठे बदलायची, वहिनी मला पहिल्यांदा कुठे भेटली, असे. दहावा प्रश्न असा, की 'शुद्धीत असताना जायचं, हे अजून हवं आहे का?' महिन्याच्या पहिल्या रविवारी न्याहारीनंतर वहिनी मला बसवेल, उत्तरं जशीच्या तशी उतरवेल, गुण देईल आणि कागद तुला पोस्टाने धाडेल. ती तीस वर्षं नाटकांना प्रॉम्प्टर होती, एक शब्द इकडचा तिकडे होऊ देणार नाही. सातच्या खाली गेलो की तू डॉक्टरांना फोन करायचा. नंबर मागे लिहिला आहे. डॉक्टर म्हणतात, सहावर माणसाला अजून मागता येतं, चारवर बहुतेक नाही.

बिघडलेला काटा दिसला की मी त्याच दिवशी लाल चिठ्ठी बांधून बाजूला काढायचो. 'साहेब, एवढंसंच तर आहे, उद्या बघू,' असं प्रत्येक दुकानदार म्हणायचा. तू म्हणू नकोस. फोनचं काम वहिनीला दिलं नाही, कारण तू रडतेस पण काम करतेस. ती रडणार नाही आणि करणारही नाही.

आज पहिली चाचणी झाली. दहापैकी नऊ. वजाबाकीत एक चूक केली, पण ती मी शाळेतही करायचो.

तुझा
दादा

१२ जानेवारी

दादा,

पत्र ऑफिसातच उघडलं, तू नको म्हणालास म्हणून. मग दार लावून घेतलं आणि शिपायाला सांगितलं की बाईंना शिंका येताहेत.

मला तुझा इतका राग आला आहे की समोर असतास तर तुझा कान पिळला असता. मरणाचं वेळापत्रक कोणी असं पाठवतं का, पाठीमागे फोन नंबर लिहून? दोन दिवस पत्राला हात लावला नाही. मग आई आठवली. तिने मला तर कधी 'पाहुणे' म्हणण्याइतकंही ओळखलं नाही, ते तुला ठाऊक नाही. मी सांगितलंच नव्हतं.

मी फोन करीन. सातच्या खाली गेलास की त्याच दिवशी. मनापासून हो म्हणत नाही, पण हो म्हणते आहे, आणि मी शब्द दिला की पाळते हे तुला माहीत आहे. एकशेवीस पोरी आणि त्यांच्या परीक्षा सोडून जूनपर्यंत मला हलता येणार नाही, दोन दिवसांचा प्रवास आहे. तोवर कागद वेळेवर पाठवा.

चिंगी

२ फेब्रुवारी

वन्सं,

कागद सोबत आहे. आठ गुण. पत्रच लिहिते, कारण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि हे तिथेच खुर्ची टाकून बसतात. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायला जीभ रेटत नाही.

हा सगळा घाट ह्यांनी घातला तेव्हा मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. तुम्ही भावंडांनी पत्रापत्री करून ठरवलं. मी काय, कागद आणि पेन घेऊन बसणारी. बेचाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर काढली, आता दर महिन्याला ह्यांना मार्क द्यायचे. काल प्रश्न विचारायला मी तशीच, कामाच्या साडीत बसले. हे मात्र भांग पाडून, बंडीची सगळी बटणं लावून बसले होते, जणू मुलाखतच आहे.

एकदा दोनदा अडखळले, पण आलं. तुम्ही काळजी करू नका. घर बरं चाललं आहे. चाव्या सापडत नाहीत, पण त्या आधीही कुठे सापडायच्या?

तुमची वहिनी

१० मार्च

वहिनी,

मार्चचा कागद काल मिळाला. पुन्हा आठ! बघून खूप बरं वाटलं. दादा सगळ्यांनाच घाबरवतो, लहानपणी विहिरीत भूत आहे म्हणून मला वर्षभर घाबरवलं होतं. कागद फाईलला लावला आहे. इथे परीक्षा तोंडावर आल्यात, श्वास घ्यायला सवड नाही. तुझी तब्येत सांभाळ, जेवणाची टाळाटाळ करू नकोस.

चिंगी

१९ एप्रिल

चिंगे,

तुझी वहिनी बाजारात गेली आहे तेवढ्यात लिहितो. एक विचारायचं आहे. या महिन्याची परीक्षा झाली का? ती म्हणते झाली, आठ मिळाले. मला बसल्याचं आठवत नाही. बसल्याचं आठवत नाही आणि आठ मिळाले, हे तुझ्या शाळेत चालतं का?

काल मी गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं आणि ते लाल होईपर्यंत बघत उभा राहिलो. मला वाटत होतं की हे काम कोणीतरी मला सांगितलं आहे. परवा जिन्यात खालच्या औषधवाल्याने नमस्कार केला, तर मी त्याला काटा दाखव म्हणालो. त्याने दाखवला बिचाऱ्याने. ठीक होता.

असा माणूस आठ मिळवत नाही. मी काट्याला दोष देत नाही, तपासणाऱ्याकडे बघतो आहे. पण तिच्याकडे बघितलं की मला विचारायचं काय होतं तेच राहत नाही. तू लक्ष घाल. तू शब्द दिला आहेस.

एक विचारायचं होतं. या महिन्याची परीक्षा झाली का? ती म्हणते झाली. तुझी वहिनी बाजारात गेली आहे.

दादा

१२ मे

वहिनी,

दादाचं पत्र आलं होतं. तुझ्या नकळत लिहिलेलं. त्यात एकच गोष्ट दोनदा आहे आणि अक्षर ओळ सोडून खाली घसरलं आहे. त्यानंतर तुझा मेचा कागद आला, त्यावर आठ.

आज दुपारी तो कागद पुन्हा वाचला. मी पंचवीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्यात. दुसऱ्याचं उत्तर कोणत्या पोरीच्या पेपरात शिरलंय, हे मला दारातून कळतं. सहावा प्रश्न आहे, वहिनी कुठे भेटली. कागदावर तू लिहिलंयस, 'नाट्यगृहात. मी तिसऱ्या रांगेत बसून दोन्ही अंक जागेपणी पाहिले.' वहिनी, दादाने ही गोष्ट मला शंभरदा सांगितली आहे. दर वेळी तो म्हणतो, मी पहिल्याच अंकात झोपलो, आणि विंगेतून कोणी बाई इतक्या मोठ्याने वाक्य सांगत होती की दचकून जागा झालो. तो जागा होता असं जगात फक्त तूच म्हणतेस. त्यावरून तुम्ही माझ्यासमोर तीनदा भांडला आहात.

हे उत्तर त्याचं नाही, तुझं आहे. बाकीची किती तुझी आहेत?

मी ओरडत नाही, अजून तरी. पण येत्या रविवारी खालच्या औषधवाल्याला वर बोलाव. दादाला प्रश्न तोच विचारेल, उत्तरं तोच लिहील. तू घरात थांबू नकोस. जिन्यात जा, गच्चीवर जा, कुठेही जा. आणि जे लिहिलं जाईल ते न बघता पाकिटात घाल. माझा जीव टांगणीला लागला आहे.

चिंगी

१८ मे

वन्सं,

पाकिटात घालण्याआधी मी बघितलं. चार.

औषधवाला दुकान बंद करून, हात धुऊन आला. मी जिन्यात उभी होते. दार लोटलेलं होतं, शब्द ऐकू येत नव्हते, फक्त मधली शांतता ऐकू येत होती. मला ती सहन होईना. कठडा घट्ट धरून उभी राहिले. बाहेर आल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं नाही, कागद दिला आणि खाली गेला.

आता सगळं सांगते. फेब्रुवारीत पाचव्या प्रश्नाला हे थांबले आणि माझ्याकडे बघितलं. तुम्हाला नाही कळायचं. तीस वर्षं नट अडला की तो असाच बघायचा, आणि वाक्य माझ्या ओठावर तयार असायचं. मी ठरवून नाही केलं. ओठ हलले, त्यांनी उचललं, आणि चेहरा असा उजळला की मला वाटलं, एवढंसंच तर आहे. मार्चमध्ये दोनदा केलं. एप्रिलमध्ये तीनदा. मेमध्ये मी विचारत होते आणि मीच उत्तरं देत होते. खरे गुण असे. फेब्रुवारी सात, मार्च सहा, एप्रिल पाच, मे चार.

दहाव्या प्रश्नाला मी कधी ओठ हलवले नाहीत. हे शपथेवर सांगते. फेब्रुवारीत ते स्वतः 'हो' म्हणाले. मार्चमध्ये म्हणाले. एप्रिलमध्ये म्हणाले, 'हो, आणि चिंगीला सांग उशीर करू नकोस.' पुढचं मी कागदावर लिहिलं नाही. मेमध्ये विचारलं, तर म्हणाले, 'कुठे जायचंय?' मी 'हो' लिहून टाकलं.

मला शिव्या द्या. पण एक ऐका. ह्या घरात आता जे आहेत ते दुःखी नाहीत. सकाळी कुंडीला पाणी घालतात, पाच पाच वेळा, माती वाहून जाते. मला 'बाई' म्हणतात, पण माझा हात सोडत नाहीत. जानेवारीतल्या माणसाने ह्या माणसाचं मरण लिहून ठेवलं आहे, आणि ह्या माणसाला त्याचा पत्ताच नाही. मी दोघांचीही बायको आहे. कोणाचं ऐकू? तुम्हाला तो कागद दिसतो, मला हे दिसतात.

तुमची वहिनी

२२ मे

वहिनी,

तुझं पत्र हातात असतानाच डॉक्टरांना फोन केला. दोन जूनला सकाळी अकरा वाजता. दोन डॉक्टर असतील. मी त्यांना खरे गुण सांगितले, काही लपवलं नाही. त्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, चारवरही एखाद्याला चांगल्या सकाळी नेमकं बोलता येतं, घेऊन या.

कोणाचं ऐकायचं, हे तू मला विचारू नकोस. दादाने सगळं शिल्लक असताना एक मागितलं होतं, तेही आपल्यालाच. तू त्याला जपलंस असं तुला वाटतं. त्याला ज्याची भीती होती, त्याच्याच हातात तू त्याला दिलंस. हे लिहून झाल्यावर मला वाईट वाटेल, पण खोडणार नाही.

त्याला लवकर झोपव, सकाळी नीट खाऊ घाल, आवडता निळा शर्ट घाल. तो जे बोलेल ते बोलू दे. तू फक्त गप्प बस. मला यायला हवं होतं, पण परीक्षा चालू आहेत, रजा मिळत नाही.

चिंगी

३ जून

वन्सं,

कालचं सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे मी काही गाळलं असं तुम्हाला वाटणार नाही.

निळा शर्ट घातला होता. सकाळ चांगली होती. बसमध्ये त्यांनी दोन थांब्यांची नावं बरोबर सांगितली आणि माझ्या मनात आलं ते असं की नको, आज बरे राहू नका. हेही लिहून ठेवते.

तिथे कॉरिडॉरमध्ये पेशंटना तोलायचा काटा होता. हे सरळ त्यावर चढले, उतरले, वाकून बघितलं, पुन्हा चढले. नर्सला म्हणाले, 'पाव किलो जास्त दाखवतोय, आजच बाजूला काढा.' ती हसली. मग तिने खरंच तपासून बघितलं आणि तो खरंच जास्त दाखवत होता. मला रडू फुटलं. तो माणूस अजून आत कुठेतरी आहे, वन्सं.

डॉक्टरांच्या खोलीत मला दाराशेजारी खुर्ची दिली. एक वयस्क बाई, एक चष्मेवाले. आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी सावकाश विचारलं, 'तुम्ही जानेवारीत आम्हाला एक गोष्ट मागितली होती. आज तुम्हाला काय हवंय?'

ह्यांनी टेबलाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं, तसंच.

तुम्ही सांगितलं होतं गप्प बस. मी बसले. मनात दहापर्यंत मोजलं. ते बघतच होते. घामाघूम झाले होते, हाताची बोटं एकमेकांत अडकवत होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते सापडत नव्हतं, आणि ते काय आहे हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. चार महिने मी त्यांना राहण्यासाठी वाक्यं दिली होती. मग हे एक कसं राखून ठेवू? मी ओठ हलवले. 'मला शुद्धीत असताना जायचं आहे.' एकेक शब्द सुटा, आवाज न करता, पहिल्या रांगेलाही कळू नये असा. ओठ चुकले नाहीत.

त्यांनी सगळं वाक्य बघितलं. बाईंनीही बघितलं. मग हे डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, 'या बाई रडताहेत. आधी त्यांना पाणी द्या.'

बस, एवढंच. पुन्हा विचारलं, तर म्हणाले पाणी द्या. तिसऱ्यांदा विचारलं, तर उठून स्वतःच पाण्याचा जग शोधायला लागले.

बाहेर आल्यावर बाई मला ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, आता नाही होणार, आज नाही आणि पुढेही नाही. मार्चमध्ये आणलं असतं तर, असं म्हणायला लागल्या आणि थांबल्या.

हे समोर बसून पाव खात आहेत. चहात बुडवतात आणि विसरतात, मग चमच्याने काढतात. चेहऱ्यावर काही दुःख नाही. मी त्यांच्या जाण्याचा दिवस चोरला, वन्सं. आणि तरी आज सकाळी उठल्यावर हे शेजारी श्वास घेत होते म्हणून मला हायसं वाटलं. मला माफ करा असं लिहीत नाही. तुम्ही मला हवं ते बोला, मी ऐकून घेईन. त्यांनी विश्वासाने काम सोपवलं ते तुम्ही केलंत. मी नाही केलं.

तुमची वहिनी

१० जून

वहिनी,

तुझं पत्र पोचलं. सोळा तारखेच्या गाडीने येते आहे, दोन ट्रंका घेऊन. शाळेला राजीनामा दिला. दादाला अंघोळ घालायची, भरवायचं, जिन्यावरून सांभाळून न्यायचं, हे तुला एकटीला जमणार नाही, आणि हे किती वर्षं चालेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. मी आईचं केलं आहे, मला येतं. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर शेजारच्या खोलीत राहीन.

तू लिहिलंयस, मी माझं काम केलं. ते तसंच राहू द्यावं असं दोन दिवस वाटत होतं. एकदा पाकीट चिकटवलंही होतं. पण तू तुझ्या वाट्याचं काही गाळलं नाहीस, म्हणून मीही लिहिते.

मेमध्ये रजा मिळत नाही म्हणून लिहिलं होतं. मी रजा मागितलीच नव्हती. मला त्या खोलीत बसायचं नव्हतं.

आणि तिसऱ्या रांगेचं उत्तर मी मेच्या कागदात पहिल्यांदा वाचलं नाही. ते मार्चच्या कागदातही होतं, अगदी त्याच शब्दांत. वाचताक्षणी कळलं की तू त्याला उत्तरं सांगते आहेस, म्हणजे दादा सातच्या खाली गेला आहे. दुपारची सुट्टी झाली होती, ऑफिसात कोणी नव्हतं. त्याचं जानेवारीचं पत्र उलटं करून समोर ठेवलं, रिसीव्हर उचलला, तीन आकडे फिरवले आणि खाली ठेवला. मग तुला पत्र लिहायला घेतलं, की आठ गुण बघून खूप बरं वाटलं.

ते खोटं नव्हतं, वहिनी. मला खरंच खूप बरं वाटलं होतं.

चिंगी